अर्ध्या उत्तराचे गुण

९ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र मिळालं. मुंगीला आमच्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला हे मला तुझ्या आधी कळलं होतं, कारण पहिल्या वर्षाच्या वर्गाच्या याद्या माझ्याच टेबलावरून पुढे जातात. तिचं नाव वाचून आधी हसू आलं आणि मग काळजी वाटली.

हसू का आलं ते तुला सांगायला नको. मुंगी पोटात असताना तू माहेरी येऊन पाटीवर अक्षरं गिरवत बसायचीस आणि मी आठ वर्षांची मास्तरीण हातात फूटपट्टी घेऊन तुझ्या डोक्यावर उभी असायचे. आता तीच मुंगी माझ्या वर्गाच्या यादीत!

काळजी वाटली तीही याचसाठी. प्रोग्रॅमिंगचा पहिला विषय मी शिकवते. म्हणजे विषय मोठ्या बाईंचा, मी त्यांच्या हाताखाली. वर्ग घ्यायचे, लॅबमध्ये उभं राहायचं, पेपर तपासायचे, हे माझं काम. सही त्यांची. मी त्याच दिवशी जाऊन त्यांना सांगितलं की माझी सख्खी भाची या वर्गात आहे. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. तिची तुकडी दुसऱ्यांना देऊ. तिचे पेपर तुम्ही तपासायचे नाहीत." संपलं. पण मला वाटलं, एवढ्यानं भागणार नाही. आपल्या घरातून शाळेची पायरी चढलेली मी पहिली. उद्या कुणी म्हणालं की हिनं घरच्या माणसाला पुढे ढकललं, तर ते मला धुऊन काढता यायचं नाही. म्हणून ठरवलंय, सत्र संपेपर्यंत मुंगीशी अभ्यासाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. तिला तसं सांगितलं. तिनं मान हलवली. तू रागावू नकोस.

बाकी काम नेहमीचंच. यंदा नियमांचं पत्रक नव्यानं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. किती गृहपाठ, उशीर झाला तर काय, परीक्षेला किती गुण, कशाला शून्य. गेल्या वर्षी एका मुलाची आजी एका सत्रात तीनदा वारली. बाई म्हणाल्या, "नियम असा लिहा की आज्या वाचतील." म्हणून मी लिहिलं, दहा गृहपाठांपैकी चांगले आठ धरायचे, दोन सोडून द्यायचे, कारण कुणी विचारायचंच नाही. पत्रक चार पानांचं झालंय. मुलं किती वाचतील, देव जाणे. मी मात्र एकेक वाक्य सात वेळा वाचते आणि कुणावर अन्याय तर होत नाही ना, म्हणून पुन्हा बदलते.

डोळे दुखतात. पुरे करते.

तुझी धाकटी


२१ ऑगस्ट

मास्तरीणबाईंना त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनीचा नमस्कार.

रागावू नकोस असं लिहिलंस म्हणून रागावले, नाहीतर रागावले नसते. मी कधी म्हटलं, तिला मार्क वाढवून दे? सख्खी मावशी तिथं आहे म्हणून मुलीला एवढ्या लांब पाठवलं, आणि मावशी म्हणते मी बोलणार नाही. नाकापेक्षा मोती जड झाला. बरं, अभ्यासाचं बोलू नकोस. जेवलीस का, हे विचारायलाही तुमच्या पत्रकात बंदी आहे का?

हे म्हणतात, एवढं मोठं पत्र कशाला, फोन लाव. यांना काय सांगायचं! मागांच्या खडखडाटात एवढी वर्षं काढली, आता फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते. आणि मोबाइलवर दोन ओळी लिहायच्या म्हणजे एका बोटानं पीठ मळल्यासारखं होतं. पत्र बरं. पत्रात तू मला मध्येच तोडत नाहीस.

मला आता तयार कपड्यांच्या खात्यात बसवलंय. सुटलेली शिवण, राहिलेलं बटण, विसरलेलं काज, ते सगळं आमच्याकडे येतं. काम बसून आहे पण डोळ्याचं आहे. टेबल मुकादमबाईचं. त्या टेबलावर नग पुरा झाल्यावरच ठेवायचा. अर्धा नग ठेवला की ती बघत नाही किती झालाय न् किती राहिलाय. सरळ खराब म्हणून तुमच्या नावावर मांडते. म्हणून पुरा होईपर्यंत नग आपल्या मांडीवर. नाही जमला तर उसवून पहिल्यासारखा करायचा. नव्या पोरींना हे समजत नाही, मग रडतात.

मुंगीला जाताना पेन्सिलींचा डबा आणि चांगलंसं खोडरबर दिलंय. म्हटलं, पेन्सिलीनं लिहीत जा, चुकलं तर पुसता येतं. अर्धंमुर्धं कुणाला दाखवायचं नाही. पोरीनं तेवढं माझं बरोबर उचललंय, लहानपणापासून.

हे पत्र दोनदा कच्चं लिहिलं, मग पक्कं केलं. आपलं ठरलेलंच आहे, कच्चं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. बघ, एक शब्द खोडलेला सापडतो का.

ताई


३ ऑक्टोबर

ताई,

उत्तराला उशीर झाला. मधल्या परीक्षेचे पेपर आले होते. खोलीत टेबल, खुर्ची, पलंग, सगळीकडे पेपरच होते. चहाचा कप ठेवायला जागा नव्हती म्हणून खिडकीत ठेवला आणि विसरले. दुसऱ्या दिवशी त्यात माशी.

आमचा पेपर कागदावरच असतो. संगणकाची परीक्षा आणि संगणक नाही, म्हणून मुलं चिडतात. पण लॅबमधली निम्मी यंत्रं सुरू व्हायलाच पाव तास घेतात, मग दुसरा उपाय काय? मुलं हातानं प्रोग्रॅम लिहितात आणि तो चालला असता की नाही हे आम्ही डोक्यात चालवून बघतो. शंभर पेपर झाले की डोकंच बंद पडतं. शेजारच्या टेबलावर एक सर बसतात, पोरं त्यांना चष्मेवाले म्हणतात. ते परवा म्हणाले, "बाई, मी आता माणूस राहिलो नाही. काल बायकोला म्हणालो, तुझ्या वाक्याच्या शेवटी अर्धविराम नाही."

एक गोष्ट मला बरी वाटते. अर्ध्या उत्तरालाही गुण द्यायचे, हा नियम मी पत्रकात घातलाय. प्रोग्रॅम पुरा झाला नाही, चालणारही नाही, पण पहिल्या चार ओळींची दिशा बरोबर असेल तर त्या चार ओळींचे गुण मिळतात. बाई आधी कुरकुरल्या, तपासणाऱ्यांचा वेळ जातो म्हणून. मी हट्ट धरला. काही मुलं याचा फायदाही घेतात. काहीच येत नसलं तरी अर्धं पान भरून ठेवतात, जाळं टाकून बसावं तसं, एखादा गुण सापडेल म्हणून. तरी बरं वाटतं.

मुंगी मधूनमधून दिसते. तब्येत चांगली आहे.

तुझी धाकटी


१४ ऑक्टोबर

धाकटे,

"मुंगी दिसते, तब्येत चांगली आहे." दवाखान्याच्या दारावर लावतात ना, तसं लिहिलंस. मी चार वेळा वाचलं, दुसऱ्या बाजूला काही आहे का म्हणून पानही उलटलं.

पण आता मला तुझी गरज नाही. ती स्वतःच येऊन गेली. चार दिवस होती. वाळलीय थोडी. अभ्यास कसा चाललाय विचारलं तर म्हणाली, चांगला. यांनी विचारलं तरी तेच. एक दिवस दुपारभर त्या उघडमिट संगणकासमोर बसून होती, कॉलेजनं दिलाय म्हणे वापरायला. मी बाजूला बसून काजं करत होते. मला त्यातलं काय कळणार, पण ओळींवर ओळी पडत होत्या. संध्याकाळी बघितलं तर सगळं कोरं. म्हटलं, काय झालं गं? तर माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "शेवटचं जमेना, पुसून टाकलं." म्हटलं, शाब्बास. उद्या पुन्हा बस, पुरं झालं की दे. तशी ती नुसतीच हसली.

तुझीच आठवण झाली. पहिलीत असताना बेरजेचं उत्तर येईना म्हणून पाटी पुसून कोरी घेऊन गेली होतीस. गुरुजींनी विचारलं तर म्हणालीस, गणित घरी विसरले. आपल्या घरचं पाणीच तसलं.

तू जेवतेस का? ते पत्रकात लिही.

ताई


५ डिसेंबर

ताई,

परीक्षा संपली. निकाल लावायचं काम झालं. मी बरी आहे.

आज तुला आमच्या विषयाचे नियम लिहून पाठवते. तू विचारले नाहीस, पण पाठवते. ते गुप्त नाहीत, फळ्यावर लावलेले असतात, कुणीही वाचावेत.

गृहपाठांचे तीस गुण, मधल्या परीक्षेचे वीस, शेवटच्या परीक्षेचे पन्नास. शेवटच्या परीक्षेत पन्नासातले वीस मिळाले नाहीत तर बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी विषयात नापास. हा विषय अडला तर पुढच्या सत्राचे वर्ग करता येत नाहीत. वर्ष थांबतं आणि वसतिगृहातली खोली सोडावी लागते. पेन्सिलीनं लिहिलं तर चालतं, पण पेन्सिलीच्या पेपराची फेरतपासणी मागता येत नाही. खोडलेलं किंवा पुसलेलं उत्तर तपासलं जात नाही, खाली दिसत असलं तरी. अर्ध्या उत्तराला गुण आहेत.

नापास झालेल्यांसाठी जानेवारीत एक परीक्षा असते. त्यात पास होण्यापुरतेच गुण मिळतात, जास्त नाहीत, पण वर्ष वाचतं. तिचा अर्ज विद्यार्थ्यानं स्वतः येऊन, सही करून द्यायचा. दुसऱ्या कुणी दिलेला चालत नाही. मुदत २१ डिसेंबर.

कुणाचे गुण किती, हे आम्ही घरच्यांना सांगू शकत नाही. अठरा वर्षांच्या मुलाचे गुण त्याचे स्वतःचे. हा नियमही माझाच. गेल्या वर्षी एका मुलाचे वडील कार्यालयात येऊन ओरडले होते, तेव्हापासून.

उगाच लिहिलं असं वाटेल तुला. वाटू दे.

तुझी धाकटी


१० डिसेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होते. जेवण तसंच राहिलं. यांना म्हटलं, हिला झालंय तरी काय? हे म्हणाले, काम जास्त झालं की माणसं असं करतात, आमच्या खात्यातला एक जण झोपेत नग मोजायचा.

आधी वाटलं, तू आजारी आहेस. मग वाटलं, तुझी नोकरी जातेय आणि माझ्यापासून लपवतेस. त्या नियमांवरून तुझ्यावर काही बालंट आलंय का? सगळं माझं माझं म्हणून सांगतेस, हा नियम माझा, तो नियम माझा. कुणी तुझ्यावर ढकललंय का? ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुला कधीपासून लागली?

एवढं लिहून पत्र बाजूला ठेवलं होतं. भांडी घासताना मध्येच थांबले. पेन्सिल. पेन्सिलींचा डबा मी दिलाय तिला. आणि पुसायचंही मीच सांगितलंय.

मुंगीला सुट्टी लागली असणार, मग ती घरी का आली नाही? "जादा वर्ग आहेत" असं कळवलंय तिनं. यांनी खरं मानलं, मीही मानलं.

तुला सांगता येत नाही, हे समजलं. सांगू नकोस. मी विचारते तेवढं कर. मुंगीचं काही नसेल तर उलट टपाली "ताई, तू वेडी आहेस" असं लिही. खोटं लिहू नकोस, तुला जमत नाही, लहानपणी नाकाचा शेंडा लाल व्हायचा. आणि काही असेल तर काहीच लिहू नकोस. मी समजून घेईन.

ताई


१४ डिसेंबर

ताई,

तू वेडी नाहीस.

लिहिते, कारण आता लिहायची मला परवानगी आहे. तुझं पत्र घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेले. बाई खोकत होत्या, समोर पेपरांचा ढीग, त्यावर थंड झालेला चहा. मी म्हणाले, "माझ्या भाचीशी मला बोलायचंय. बोललं तर चालेल का?" बाईंना आधी कळेचना. मी सगळं सांगितलं, ऑगस्टपासूनचं. जिन्यात ती समोरून आली की मी कागद चाळत बाजूनं जायचे, हेसुद्धा. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, "अहो, पेपर तपासू नका म्हटलं होतं. भाचीला विसरा असं कुठल्या पानावर लिहिलंय?"

कुठल्याच पानावर नव्हतं, ताई. ते मी माझ्या मनानं लिहिलं होतं.

तिथून सरळ वसतिगृहात गेले. बाकी मुली घरी गेल्यात, खोल्यांना कुलपं. तिच्याच दाराखालून उजेड दिसत होता. पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "मावशी, तू बोलायचं नव्हतंस ना?"

"नियम चुकीचा वाचला मी."

"तू? नियम?" म्हणाली आणि हसली. मग रडली. मग नाक पुसून म्हणाली, "आईला सांग सगळं. माझ्याच्यानं नाही होणार." म्हणून सांगते.

ती नापास आहे. दहातले चारच गृहपाठ तिनं दिलेत. बाकीचे सहा तिनं केले होते. एकेक ओळ अडली म्हणून पुसून टाकले. शेवटच्या परीक्षेत पाच प्रश्न होते. दोन पुरे लिहिले, त्यांतही थोडे गुण कापले गेले. उरलेले तीन अर्धे झाले होते. शेवटची घंटा व्हायच्या आत तिन्ही पुसले.

तो पेपर मी पाहिला होता. मी तपासला नाही, चष्मेवाल्यांकडे होता. त्यांनीच मला हाक मारली. "हे बघा बाई, काय पोरगं आहे! तीन उत्तरं पुसलीयत. कागद उजेडासमोर धरला की सगळं दिसतं. अर्ध्यापर्यंत बरोबर होती." नाव झाकलेलं होतं. मला नावाची गरज लागली नाही. लोक खोडतात ते एक रेघ मारून. अर्धं उत्तर इतकं स्वच्छ पुसायचं, वर पूड झटकून पान साफ करून द्यायचं, हे जगात आपल्या घराशिवाय कोण करतं?

चष्मेवाल्यांनी विचारलं, "दिसतंय तर. द्यायचे का याला गुण?" त्यांनी माझ्यावर सोडलं, ताई. मी "द्या" म्हटलं असतं तर त्यांनी दिले असते आणि ती पास झाली असती. मी म्हणाले, "पुसलेलं तपासायचं नाही, असा नियम आहे." ते म्हणाले, "हो, ते आहेच." आणि पुढचा पेपर घेतला. मी नळावर जाऊन तोंड धुतलं.

तेव्हापासून झोप नाही. नियम बरोबर आहे. दुसऱ्या कुणाचा पेपर असता तरी मी तेच म्हणाले असते. पण याचं समाधान वाटायला हवं होतं, ते वाटत नाही.

मी तिला विचारलं, "अर्ध्याला गुण आहेत, हे तू पत्रकात वाचलं नाहीस?" तर म्हणाली, "पहिलं पान वाचलं. त्यावर सगळे दंडच होते. उशिराचा दंड, नकलेचा दंड. वाटलं पुढेही दंडच असतील." तो नियम चौथ्या पानावर होता. तिथं मीच ठेवला होता.

आता खरी अडचण ऐक. ती अर्ज द्यायला तयार नाही. म्हणते, सगळं पक्कं येईल तेव्हाच बसेन, पुढच्या वर्षी. मी म्हटलं, पुढच्या वर्षी खोली नाही, वर्ग नाही. आणि या परीक्षेत पास व्हायला तुला सगळं यायची गरजच नाही, जेवढं येतं तेवढं ठेवून ये. तर म्हणाली, "कच्चं कसं देऊ, मावशी? आईला कळलं तर?"

तासभर बोलले. तिच्या डोळ्यांत मी दिसले मला, कोरी पाटी घेऊन उभी असलेली. माझं तिच्यापुढे चालत नाही, कारण मीही तशीच आहे आणि तिला ते माहीत आहे. ही शिवण तुझ्या हातची आहे. उसवायची तर तूच उसव. एकवीस तारखेच्या आत तुझं पत्र इथं पोचलं पाहिजे. उसवता येत नसेल तर तसं कळव, मी तिला तिकिटासह घरी पाठवते.

तुझी धाकटी


१७ डिसेंबर

मुंगे,

हे पत्र मावशीच्या पत्त्यावर पाठवते. ती तुला देईल. आधी तूच वाच, मग तिला वाचू दे.

तू नापास झालीस. मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू. तुझ्या बाबांना मी अजून सां

वरची ओळ अर्धी राहिली, मुकादमबाई आली म्हणून. मी खात्यात बसून लिहितेय, नगाखाली कागद ठेवून. आज टपालाची गाडी दुपारी सुटते. घरी जाऊन लिहिलं तर उद्यावर जाईल. म्हणून अक्षर असं आहे.

मला तुझ्या कॉलेजातलं काही कळत नाही. माझ्या टेबलाचं कळतं. इथं अर्धा नग म्हणजे खराब नग, आधी मागावरही तसंच होतं. कॉलर किती छान बसली होती हे कुणी विचारत नाही. म्हणून मी शिकले की अर्धं दाखवायचं नाही. ते इथं बरोबर आहे. मी तुला तेच शिकवलं, तुझ्या मावशीलाही तेच. मला वाटलं होतं सगळ्या जगात एकच टेबल आहे. तुझ्या तिथं कॉलर बसली तर कॉलरचे गुण देतात, हे मला कुणी सांगितलंच नाही. मावशीनं ऑक्टोबरात लिहिलं होतं, पण मी ते तिच्या कामाचं म्हणून वाचलं, तुझ्याशी त्याचा संबंध आहे हे मला (इथं दोन शब्द खोडले, राहू दे) सुचलं नाही.

त्या दिवशी दुपारभर लिहून तू सगळं पुसलंस आणि मी शाब्बास म्हटलं. ते मी परत घेते. तू हसलीस तेव्हा मी तुझ्याकडे बघायला हवं होतं. मी काजाकडे बघत होते.

आता माझं ऐक. अर्ज दे. परीक्षेला जाताना जे येतं ते लिही, अडलं की तिथंच सोड आणि पुढचा प्रश्न घे. पुसायचं नाही. तुला लाज वाटेल. मला आत्ता वाटतेय. हे पत्र बघ, कच्चं आहे, चार ठिकाणी खोडलंय, एका जागी तेलाचा डाग पडलाय. मी आजवर कुणालाही असं पत्र पाठवलेलं नाही, तुझ्या मावशीला तर नाहीच. ती बघेल आणि तिच्या कपाळावर आठी पडेल. पडू दे. मी हे पक्कं करणार नाही. वेळ असता तरी केलं नसतं.

आणखी एक. मला फार दिवसांपासून तुला सांगायचं होतं की तू जेव्हा पोटात होतीस आणि मी अक्षरं शिकत होते तेव्हा

गाडीचा भोंगा झाला. एवढ्यावरच पाठव


२४ जानेवारी

ताई,

महिनाभर लिहिलं नाही. नवं सत्र, नवे वर्ग, पुन्हा चारशे वह्या. घसा बसलाय, बाईंचा खोकला आता मला लागलाय.

तुझं पत्र वीस तारखेला दुपारी आलं. मी पाकीट न फोडता तिला नेऊन दिलं. ती खिडकीशी जाऊन वाचायला लागली आणि मी तिच्या पलंगावर बसून राहिले. फार वेळ लागला तिला. मग माझ्याकडे पत्र देत म्हणाली, "मावशी, आईनं कच्चं पाठवलंय." तो आवाज मला लिहून दाखवता येणार नाही. घरात भूकंप झाल्यावर माणूस म्हणतं ना, भिंत हलली, तसा.

मी वाचलं. आठी पडली नाही.

एकवीस तारखेला ती कार्यालय उघडायच्या आधीच दाराशी उभी होती. कारकून म्हणाला, "एवढी घाई? नापासाचा अर्ज द्यायला तर कुणी धावत येत नाही." तिनं सही केली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी माझ्या खोलीवर आली. म्हटलं, आता काय? तर मूठ उघडून तुझं ते खोडरबर माझ्या टेबलावर ठेवलं. "हे तुझ्याकडे राहू दे. जवळ असलं की हात जातो." आणि गेली. दिवसभर मी वर्ग घेतला आणि ते खोडरबर माझ्या पर्सच्या तळाशी. फळ्यावर माझी एक ओळ चुकली. मुलांनी दाखवली. मी पुसायला डस्टर उचललं आणि परत ठेवलं. म्हटलं, बघा, इथपर्यंत बरोबर आहे, इथून चुकलंय. पुढे कुणी तरी येऊन सांगा. तीन हात वर झाले.

पेपर चष्मेवाल्यांनी तपासला. निकाल काल लागला. तिनं मला सांगायला सांगितलंय म्हणून सांगते. पन्नासातले तेवीस. विषयात काठावर पास. तीन प्रश्न पुरे, पण त्यांत चुका, दोन अर्धे. अर्ध्यांचे गुण नसते तर राहिली असती. निकालपत्रावर तिच्या नावापुढे सगळ्यांत खालची श्रेणी आहे आणि ती कायम तिथं राहणार आहे. त्याला इलाज नाही. तिला त्याचं थोडं लागलंय. लागू दे.

पत्रकाचं चौथं पान मी पहिलं केलं. बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "दंड मागे गेले की मुलं उशीर करतील." मी म्हटलं, करतील. त्यांनी सही केली.

तुझ्या पत्राची तपासणी मागितली नाहीस, तरी केली. खोडलेल्या जागा चार नाहीत, सहा आहेत. डाग दोन. शेवटचं वाक्य अपुरं. नियमानं बघितलं तर जेवढं लिहिलंय तेवढ्याचे गुण द्यायचे, आणि तेवढे दिलेत.

ते वाक्य पुढे कसं होतं, हे मुंगीनं मला विचारलं. मी तर तेव्हा तिथंच होते, फूटपट्टी घेऊन, पण मला माहीत नाही. शनिवारी ती घरी येतेय, दोन दिवसांसाठी. काजं बाजूला ठेव आणि तिला कानाशी बसवून घे. नीट जुळवून ठेवू नकोस आधीपासून. जसं येईल तसं सांग, आणि मध्येच अडलं तर तिथंच थांब. पुढचं ती विचारेल.

धाकटी